जलाचा चरित्रकार : योरिस इव्हेन्स

नदी आणि मनुष्य यांच्या संबंधांचा विचार आपल्याकडे बहुधा काव्य आणि कादंबरी यांच्या आधारे होत आला आहे. माणिक बंद्योपाध्याय यांची ‘पद्मा नदीर माझी’ (१९३६) आणि अद्वैत मल्लबर्मन यांची ‘तितास एकटि नदीर नाम’ (१९५६) या कादंबऱ्यांवाचून भारतीय साहित्यांतील नदीविषयक चर्चा पुढे सरकत नाही. अनुबोधपटाला मात्र या चर्चेत सहसा स्थान मिळत नाही. मुख्य चित्रपटापूर्वी दाखविला जाणारा, शासकीय माहिती पुरविणारा आणि प्रेक्षकाने निमूटपणे सहन करावयाचा एक प्रकार, अशी त्याची प्रतिमा आपल्या मनात दीर्घकाळ रुजून राहिली. वाङ्मयाच्या अभ्यासकाने या प्रकाराकडे गंभीरपणे का पाहावे, या प्रश्नाचे उत्तर ज्या थोड्या दिग्दर्शकांच्या जीवितातून मिळते, त्यांत डच दिग्दर्शक योरिस इव्हेन्स यांचा क्रम बराच वरचा आहे. पाऊस, समुद्र, पाट, बंदर आणि नदी यांची चित्रे ते सुमारे साठ वर्षे घेत राहिले. आरंभी ती निव्वळ दृश्यसौंदर्याची चित्रे होती. पुढे त्यांत एक प्रश्न शिरला आणि तो अखेरपर्यंत त्यांना सोडून गेला नाही. पाण्याशी झुंजून मनुष्य जे मिळवितो ते कोणाच्या पदरात पडते, हा तो प्रश्न होय. या प्रश्नाने इव्हेन्स यांना मोठे केले आणि त्याचे ठराविक उत्तर हाती आल्यावर त्याच प्रश्नाने त्यांना काही काळ आंधळेही केले, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

इव्हेन्स यांचा जन्म १८ नोव्हेंबर १८९८ रोजी नेदरलँड्समधील नायमेखेन या गावी झाला. हे गाव ऱ्हाइनची शाखा असलेल्या वाल नदीच्या काठी वसले आहे. ज्या देशाची सुमारे चतुर्थांश भूमी समुद्रसपाटीच्या खाली आहे, त्या देशात पाणी हा निसर्गवर्णनाचा विषय नसून नगरपालिकेच्या आणि संसदेच्या चर्चेचा विषय असतो. योरिस यांचे आजोबा व्हिल्हेल्म हे छायाचित्रकार होते. वडील केस इव्हेन्स यांचा छायाचित्रणाच्या साहित्याचा भरभराटीचा व्यापार होता. वाल नदीवर नायमेखेन येथे रहदारीचा पूल व्हावा, यासाठी या वडिलांनी वर्षानुवर्षे खटपट केली आणि १९३६ मध्ये तो पूल खुला झाला. घरात एका बाजूला कॅमेरा आणि दुसऱ्या बाजूला नदी ओलांडण्याचा ध्यास, अशा वातावरणात मुलगा वाढला. दुकानातील कॅमेरा घेऊन त्याने कोवळ्या वयातच घरच्या मंडळींना अमेरिकेतील आदिवासींची सोंगे देऊन एक छोटा चित्रपट तयार केला.

वडिलांचा बेत मुलाने व्यापार सांभाळावा असा होता. त्याप्रमाणे रॉटरडॅम येथे वाणिज्याचे आणि त्यानंतर बर्लिनजवळील शार्लोटेनबुर्ग येथे छायाचित्रणाच्या रसायनशास्त्राचे शिक्षण घेऊन योरिस यांनी अॅमस्टरडॅमच्या शाखेचा कारभार हाती घेतला. परंतु बर्लिनने त्यांना रसायनांपेक्षा अधिक काही दिले होते. युद्धोत्तर जर्मनीतील कलावंतांची बंडखोरी आणि कामगारांची अस्वस्थता या दोन्ही गोष्टी त्यांनी तेथे जवळून पाहिल्या. १९२७ मध्ये पुडोव्हकिन यांच्या ‘आई’ या रशियन चित्रपटाच्या प्रदर्शनावरून अॅमस्टरडॅममध्ये वाद झाला आणि त्यातून ‘फिल्मलीगा’ ही रसिकांची संस्था जन्माला आली. इव्हेन्स तिच्या आरंभीच्या कार्यकर्त्यांपैकी एक होते. पुढच्याच वर्षी त्यांनी रॉटरडॅममधील एका रेल्वेपुलावर ‘पूल’ हा लघुपट केला. जहाज आले की या पुलाचा मधला भाग वर उचलला जात असे आणि ते गेले की खाली येत असे. या चित्रपटात पाणी केवळ निमित्तापुरते आहे. दिग्दर्शकाचे डोळे लोखंडाच्या हालचालीवर खिळलेले आहेत.

१९२९ मधील ‘पाऊस’ या बारा मिनिटांच्या चित्रपटाने इव्हेन्स यांचे नाव युरोपभर झाले. मान्नुस फ्रांकेन हे लेखक त्यात त्यांचे सहकारी होते. अॅमस्टरडॅमवर एक सर येते आणि जाते, एवढेच त्याचे कथानक. कालव्याच्या पाण्यावर पहिला थेंब पडून वर्तुळ उमटते, खिडक्या मिटू लागतात, छत्र्या उघडतात, ट्रामच्या काचेवरून ओघळ वाहतात, ओल्या रस्त्यावर चाकांची प्रतिबिंबे पडतात आणि शेवटी आकाश निवळते. प्रेक्षकाला ही एकच सर वाटते. प्रत्यक्षात ती अनेक महिन्यांतील अनेक पावसांतून जुळविलेली आहे. शहराच्या निरनिराळ्या भागांतील स्नेह्यांनी पाऊस सुरू होताच दूरध्वनीने कळवावे आणि इव्हेन्स यांनी हातातला कॅमेरा घेऊन धावावे, अशी व्यवस्था होती. पुढे १९४१ मध्ये हान्स आइस्लर यांनी या चित्रपटासाठी जी संगीतरचना केली, तिला आधुनिक संगीताच्या इतिहासात स्वतंत्र स्थान मिळाले.

भारतीय वाचकाला हा चित्रपट पाहताना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवेल. या पावसाची कोणी वाट पाहिलेली नाही. त्याच्या येण्याने कोणाची पेरणी साधत नाही आणि न येण्याने कोणाचे घर बसत नाही. ज्या भाषांत पर्जन्याचे वर्णन विरहाशी, शेतीशी आणि दुष्काळाच्या भयाशी जखडलेले आहे, त्या भाषांच्या अभ्यासकाला हे निर्हेतुक जलदर्शन नवलाचे वाटेल. त्यात मनुष्याची प्रतिक्रिया फारशी दिसत नाही, असा आक्षेप त्या काळीही घेतला गेला होता आणि इव्हेन्स यांनी तो पुढे मोकळेपणाने मान्य केला. त्याच वर्षी फ्रांकेन यांच्यासह केलेल्या ‘लाटा’ या कथापटात समुद्रासमोर त्यांनी एक बेकार कोळी उभा केला. कथा सामान्य होती, पण पाण्याच्या काठावर भुकेला मनुष्य आला, ही गोष्ट महत्त्वाची ठरली.

यानंतर जे काम हाती आले त्याने त्यांच्या जीविताची दिशा ठरविली. नेदरलँड्सच्या मध्यभागी घुसलेल्या झाउडरझे या उथळ आखाताला बांध घालून समुद्रापासून तोडावयाचे आणि आत नवी शेतजमीन निर्माण करावयाची, अशी योजना अभियंता कॉर्नेलिस लेली यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडली होती. १९१६ च्या जानेवारीतील महापुराने देश हादरला आणि १९१८ मध्ये तसा कायदा झाला. बांधाने अडविलेल्या भागातील पाणी पंपांनी उपसून उघडा पडलेला तळ लागवडीस आणावयाचा, अशी ही पद्धत. अशा भूमीला तेथे पोल्डर म्हणतात. कोकणातील खारबंधारे किंवा गोव्यातील खाजणे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ही कल्पना अपरिचित वाटणार नाही. भेद आहे तो प्रमाणाचा. मुख्य बांधाची लांबी ३२ किलोमीटर होती आणि त्याच्या दुसऱ्या बाजूस उत्तर समुद्राची भरती-ओहोटी होती.

बांधकाम कामगारांच्या संघटनेसाठी चित्रण करताना इव्हेन्स प्रथम या कामावर गेले. झाडांच्या फांद्या विणून केलेल्या विस्तीर्ण चटया दगडांच्या भाराने समुद्रतळाशी बुडविणे, तळाची चिकट माती उपसून तिची भिंत उभारणे, ही सारी क्रिया त्यांनी कामगारांच्या बरोबरीने उभे राहून टिपली. २८ मे १९३२ रोजी बांधातील शेवटचे खिंडार बुजविण्यात आले. खिंडार अरुंद होत जाते तसतसा त्यातून घुसणाऱ्या पाण्याचा वेग वाढत जातो. म्हणून बांधाचा शेवटचा टप्पाच सर्वांत कठीण असतो. हा क्षण इव्हेन्स आणि संकलक हेलन व्हान डाँगन यांनी युद्धासारखा रचला आहे. समुद्र, भूमी आणि यंत्रासह मनुष्य, असे तीन पक्ष पडद्यावर आळीपाळीने येतात, त्यांच्यातील अंतर कमी कमी होत जाते आणि अखेरीस मातीचा एक हबका पाण्याचे तोंड बंद करतो. अनुबोधपटाच्या इतिहासातील श्रेष्ठ संकलनांमध्ये या भागाची गणना होते.

येथेच थांबले असते तर इव्हेन्स हे राष्ट्रीय पराक्रमाचे भाट ठरले असते. परंतु १९३३ मध्ये याच चित्रणावरून त्यांनी ‘नवी भूमी’ हा अर्ध्या तासाचा चित्रपट सिद्ध केला आणि त्याला एक नवा शेवट जोडला. समुद्राच्या तळावर गहू डोलू लागतो. त्याच सुमारास जागतिक मंदीने धान्याचे भाव कोसळलेले आहेत. भाव टिकावेत म्हणून गहू नष्ट केला जातो, समुद्रात लोटला जातो. आणि दुसरीकडे बेकारांचे भुकेले मोर्चे रस्त्यांतून चालतात. ज्या समुद्राकडून दहा वर्षे झगडून भूमी हिसकावून घेतली, त्याच समुद्राला तिचे पीक परत दिले जाते. आइस्लर यांचे संगीत आणि वृत्तपटांतून घेतलेले तुकडे यांच्या साहाय्याने उभारलेला हा उपरोध आजही प्रेक्षकाला बधिर करतो. ‘पाऊस’ चित्रपटातील डोळा हाच आहे. मात्र आता त्या डोळ्याला हिशेब कळू लागला आहे.

तथापि हिशेब अपुरा होता, हेही नमूद केले पाहिजे. झाउडरझे बंद झाल्याने खारे पाणी गोडे झाले, आखाताचे आयसेलमेर नावाचे सरोवर झाले आणि हेरिंग व अँचोव्ही या मासळीवर जगणाऱ्या काठच्या गावांचा परंपरागत धंदा संपला. या कोळ्यांना साहाय्य देण्यासाठी शासनाला १९२५ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला होता. इव्हेन्स यांचे लक्ष मात्र बांधणाऱ्या हातांवर आणि पुढे येणाऱ्या गव्हावर राहिले. ज्यांचे पाणी गेले त्यांच्याकडे ते वळले नाही. येथे ‘तितास’ची आठवण होणे अपरिहार्य आहे. मल्लबर्मन यांच्या कादंबरीत नदी गाळाने भरते, नवे बेट वर येते, पण ती नवी भूमी मालो कोळ्यांना मिळत नाही. बळ असलेल्यांच्या हाती ती जाते आणि कोळ्यांची वस्ती उजाड होते. एकात जमीन मनुष्याने घडविली, दुसऱ्यात निसर्गाने. प्रश्न मात्र एकच. इव्हेन्स यांनी त्याची अर्धी बाजू पाहिली, मल्लबर्मन यांनी दुसरी अर्धी. मल्लबर्मन स्वतः मालो होते आणि इव्हेन्स हे बांधकामावर बाहेरून आलेले पाहुणे होते, यात या भेदाचे कारण शोधावे लागेल.

बेल्जियममधील खाणकामगारांवर १९३३ मध्ये आँरी स्टॉर्क यांच्यासह केलेल्या चित्रपटानंतर इव्हेन्स यांची भटकंती सुरू झाली. १९३७ मध्ये स्पेनच्या यादवी युद्धावरील ‘स्पॅनिश भूमी’ हा चित्रपट त्यांनी केला. त्याचे निवेदन अर्नेस्ट हेमिंग्वे यांचे असल्याने तो वाङ्मयाच्या अभ्यासकांना नावाने तरी ठाऊक असतो. पण त्याचा गाभा युद्धात नसून फुएन्तिदुएन्या या माद्रिदच्या वाटेवरील खेड्यात आहे. जमीनदारांनी पडीक ठेवलेल्या रानात पाट काढून पाणी आणावयाचे आणि वेढ्यातील राजधानीला अन्न पुरवावयाचे, असा या गावकऱ्यांचा प्रयत्न आहे. चित्रपट संपतो तेव्हा कोरड्या मातीतून पाण्याची धार पुढे सरकत असते आणि एक एकटा सैनिक गोळी झाडत असतो. पाटाचे पाणी आणि बंदूक यांचा असा सांधा दुष्काळी मुलखातील मनुष्याला समजावून सांगावा लागत नाही.

चीनमधील प्रतिकारयुद्धाचे चित्रण आणि अमेरिकेतील काही वर्षे यांनंतर १९४४ मध्ये डच ईस्ट इंडीजच्या वसाहती शासनाने इव्हेन्स यांची चित्रपट आयुक्त म्हणून नेमणूक केली. जपानच्या ताब्यातून मुक्त होणाऱ्या इंडोनेशियाचे चित्रण करण्यासाठी ते ऑस्ट्रेलियात येऊन राहिले. १७ ऑगस्ट १९४५ रोजी इंडोनेशियाने स्वातंत्र्य घोषित केले आणि वसाहत पुन्हा प्रस्थापित करण्यासाठी जहाजे सज्ज होऊ लागली. इव्हेन्स यांनी नोव्हेंबरमध्ये पदत्याग केला. १९४६ मधील ‘इंडोनेशियाची हाक’ हा त्यांचा चित्रपट सिडनीच्या बंदरात घडतो. इंडोनेशियन खलाशी जहाजांवरून उतरतात, ऑस्ट्रेलियन गोदी कामगार माल चढविण्यास नकार देतात आणि चिनी व हिंदी खलाशीही त्यांना मिळतात. एका प्रसंगात निघालेल्या जहाजाचा छोट्या बोटीतून पाठलाग होतो आणि त्यावरील हिंदी खलाशांना परत फिरण्याची साद घातली जाते. त्या वेळी हे खलाशी स्वतःच परतंत्र देशाचे होते. आपल्या खलाशांच्या इतिहासाचे हे पान भारतात फार थोड्यांनी पाहिले आहे.

या चित्रपटाची किंमत इव्हेन्स यांना दीर्घकाळ चुकवावी लागली. मायदेशात ते द्रोही ठरले, पारपत्राच्या बाबतीत त्यांची वारंवार अडवणूक झाली आणि त्यांनी पूर्व युरोपात आश्रय घेतला. तेथे १९५४ मध्ये जागतिक कामगार संघटनेच्या पुरस्काराने त्यांनी ‘नद्यांचे गीत’ हा महत्त्वाकांक्षी चित्रपट पूर्ण केला. व्होल्गा, मिसिसिपी, नाईल, अॅमेझॉन, यांगत्से आणि गंगा अशा सहा नद्यांच्या काठचे श्रमजीवन एकत्र गुंफणे, ही त्याची कल्पना. संगीत शोस्ताकोविच यांचे, गीत ब्रेख्ट यांचे आणि स्वर पॉल रोबसन यांचा. इतकी थोर नावे क्वचितच एका अनुबोधपटात एकत्र आली असतील.

आणि तरीही इव्हेन्स यांच्या जलचित्रांत हेच सर्वांत कोरडे आहे, असे म्हणणे भाग आहे. तीसहून अधिक देशांतील छायालेखकांनी पाठविलेले चित्रण बर्लिनमध्ये जुळविण्यात आले. ज्या दिग्दर्शकाने अॅमस्टरडॅमची एक सर टिपण्यासाठी महिनोन् महिने गल्लोगल्ली धाव घेतली होती, तो आता सहा नद्यांविषयी एकच विधान करीत होता. साऱ्या नद्या मिळून कामगारांच्या एकजुटीचा प्रवाह होतात, हे ते विधान. गंगेच्या जागी नाईल घातली तरी अर्थ ढळत नाही आणि जेथे एका नदीच्या जागी दुसरी चालते तेथे नदी उरत नाही, चिन्ह उरते. आधुनिक भारतीय कवितेतही नदीचे असे चिन्ह होऊन बसण्याची उदाहरणे थोडी नाहीत. म्हणून हे अपयश आपल्याला परके मानता येणार नाही.

१९५७ मध्ये इव्हेन्स पॅरिसला स्थायिक झाले आणि त्याच वर्षी त्यांनी सीन नदीवर एक लघुपट केला. झाक प्रेव्हेर यांच्या काव्यात्म निवेदनाने नटलेला हा लघुपट पुढच्या वर्षी कान येथील महोत्सवात लघुपटांच्या सर्वोच्च पुरस्काराचा मानकरी ठरला. तीत घोषणा नाहीत. मासे धरणारे, ओझी उतरविणारे, प्रेमी आणि भटके नदीकाठी दिवस घालवितात. एका नदीकडे पुन्हा पायी चालत जाण्याची ही कृती होती. १९६३ मधील चिलीच्या वाल्पाराइसो बंदरावरील चित्रपटात, ज्याचे निवेदन ख्रिस मार्कर यांनी लिहिले, उंच टेकड्यांवरील गरिबांच्या वस्त्या, पायऱ्या आणि खाली पसरलेला समुद्र आहे. जुना प्रश्न येथे परतला आहे, परंतु तो आता दृश्यातूनच उमटतो.

१९७६ मध्ये मार्सलीन लोरिदां यांच्यासह पूर्ण केलेल्या, सुमारे बारा तासांच्या चीनविषयक चित्रमालिकेत मात्र त्यांची श्रद्धा पुन्हा दृष्टीवर मात करून गेली. सांस्कृतिक क्रांतीतील छळ आणि हिंसा तीत जवळजवळ अदृश्य राहिली आणि लवकरच इतिहासाने त्या चित्राला एकांगी ठरविले. ज्यांच्या बाजूने आपण उभे राहतो त्यांच्याविषयी शंका घेण्याचे धैर्य हे बाजू घेण्याच्या धैर्याहून वेगळे असते. दुसरे धैर्य इव्हेन्स यांच्यापाशी विपुल होते. पहिले त्यांना उशिरा लाभले.

ते १९८८ मध्ये लोरिदां यांच्यासह केलेल्या ‘वाऱ्याची कथा’ या अखेरच्या चित्रपटात दिसते. जन्मभर दम्याने गांजलेला नव्वदीचा वृद्ध चीनच्या वाळवंटात खुर्ची टाकून बसला आहे आणि वाऱ्याची वाट पाहत आहे. आरंभी डच पवनचक्कीचे पाते फिरते. या चक्क्यांनीच शतकानुशतके पोल्डरमधील पाणी उपसले होते. म्हणजे वाऱ्याकडे वळताना इव्हेन्स पाण्याकडे पाठ फिरवीत नव्हते. आता कोणताही सिद्धांत सिद्ध करावयाचा नाही, केवळ दिसण्याची वाट पाहावयाची आहे. ‘पाऊस’ करणारा तरुणही अशीच वाट पाहत असे.

मायदेशाशी तोवर समेट झाला होता. १९८५ मध्ये डच सांस्कृतिक मंत्र्यांनी पॅरिसला येऊन त्यांचा गौरव केला. २८ जून १९८९ रोजी इव्हेन्स यांचे पॅरिस येथे निधन झाले. झाउडरझे योजनेतील मार्करवार्ड हा शेवटचा मोठा पोल्डर पुढे झालाच नाही. दीर्घ वादानंतर ते पाणी पाणीच राहू देण्याचे ठरले. आपल्याकडे १९९५ मध्ये आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांनी ‘नर्मदा डायरी’ हा अनुबोधपट केला, तेव्हा कॅमेरा धरणाच्या भिंतीवर नव्हे, तर बुडणाऱ्या गावांत उभा होता. ‘नवी भूमी’ने जी बाजू पाहिली नव्हती ती येथे केंद्रस्थानी आली. इव्हेन्स यांचा प्रभाव सिद्ध करण्यासाठी हे उदाहरण दिलेले नाही. पाण्याच्या काठी कॅमेरा किंवा लेखणी घेऊन उभे राहणाऱ्याने आपण कोणत्या काठावर उभे आहोत आणि समोरच्या काठावर कोण आहे, हे दोन्ही पाहिले पाहिजे. इव्हेन्स यांच्या यशातून त्यातील पहिली गोष्ट शिकता येते आणि त्यांच्या चुकांतून दुसरी.